डाव्या सीटवरून

धुळ्याच्या नानाकडे गाडी नेली की तो आधी गाडीकडे पाहायचा नाही. ड्रायव्हरकडे तर मुळीच नाही. डाव्या बाजूनं यायचा, काचेवर नख वाजवायचा आणि माझ्या बायकोला विचारायचा, "काय व्हयनं वं बहीन?"

मी इकडे स्टेअरिंग धरून बसलेला. माझा सगळा जन्म ट्रकवर गेला. असोद्याची केळी भरून कुठं कुठं नेली, कसले कसले घाट उतरलो, आणि हा माणूस मला एका शब्दानं विचारत नाही. पहिल्या खेपेला मी तापलोच. म्हटलं, "नाना, गाडी मी चालवतो. तिले काय समजतं त्यातलं?"

"म्हनूनच तिले इचारस ना," तो म्हणाला. "गडी मानूस गाडीना बारामा खरं बोलस नही. बाईले इचारानं."

आणि बाई सांगायची. "लाल दिवा पारोळापासून पेटेल शे, नाना. यासले सांगं तर म्हनतस, गप बस."

नाना माझ्याकडे बघायचा. मास्तर नापास पोराच्या बापाकडे बघतो तसा.

तो माझा कुणी नातेवाईक नव्हता. गाड्यांचं लाईटकाम करायचा. ब्याटरी, सेल्फ, डायनामो, वायरिंग. पारोळ्याकडून धुळ्यात शिरताना रस्त्याच्या कडेला एक लिंब होता, त्याच्याखाली त्याचं पत्र्याचं दुकान. माझी बायको धुळ्याकडची. आमच्या असोद्याला बोली वेगळी, तिकडची वेगळी. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या बाया तिच्या बोलण्याला हसायच्या, म्हणून ती हळूहळू आमच्यासारखं बोलायला लागली. पण नानाच्या दुकानात गाडी थांबली की तिची अहिराणी सुटायची, बैल मोकळा सोडल्यासारखी. मी बाजूला लिंबाखाली बसून ऐकायचो. घरात ती एवढं बोलायची नाही. निदान माझ्याशी तरी नाही.

नाना उंच, पाठीत वाकलेला, कानात केसांची झुडपं. गळ्यात कायम एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. माळकऱ्याची माळ असते तसा. एक टोक गाडीच्या लोखंडाला लावायचं, दुसरं वायरीला. पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. शपथ घ्यायची वेळ आली की नाना त्या बल्बावर हात ठेवून घ्यायचा. झोपतानाही तो बल्ब गळ्यातच असतो असं लोक म्हणत. माझ्या बायकोनं त्याच्या बायकोला एकदा सरळ विचारलं. ती म्हणाली, "काढस ना. आंगोयले काढस."

बायांचं ऐकावं हे त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. घरी बायको होती. तिचं तो किती ऐकायचा ते तिलाच ठाऊक.

एकदा आमच्यासमोर लग्नाची गाडी आली. फुलांनी मढवलेली, काचेवर दोघांची नावं. नवरदेव उतरून ओरडायला लागला, "नाना, वायरिंग जळतंय, वास येतोय, मुहूर्त आटपून घरी निघालोय, लवकर पाहा." करवल्या, मामा, सगळे बोलायला लागले. नाना त्या सगळ्यांना हातानं बाजूला सारून मागच्या काचेशी गेला. नवरी डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. "बहीन, तू सांग."

ती काही बोलेना. नव्या सासरचे सगळे भोवती. नाना हटेना. उन्हात तसाच वाकून उभा. शेवटी पदरातून बारीक आवाज आला, "हँडब्रेक ओढेल शे. मांडवपासून."

नवरदेवाचं तोंड पाहण्यासारखं झालं. नानानं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुना संसार चांगला व्हई. फक्त तिले इचारत जाय." माझी बायको घरी येईपर्यंत हसत होती. एरंडोलला हसली, पाळधीला हसली, दारात उतरताना परत हसली.

आणि 'डायरेक्ट' हा शब्द. तो त्याच्या दुकानात चालायचा नाही. घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, फ्यूज जाऊ द्या नाना, वायर डायरेक्ट जोडून द्या. की नाना पक्कड खाली ठेवायचा. "डायरेक्ट मानूस एकच जागे जास. तुले तठे जावानं व्हई ते सांग, चार जन बलावस." पुष्कळ गिऱ्हाइकं त्यानं अशी घालवली. वाकडा होता. एखाद्याचा हॉर्न गाणं वाजवणारा असला तर त्याचं काम करायचा नाही. चुकायचाही. एकदा माझ्या हेडलाईटपायी अर्धा दिवस वायरी उकलत बसला आणि निघाला नुसता बल्ब गेलेला. तेव्हा आमच्या हिनं पहिल्यापासून सांगितलं होतं, "नाना, बल्ब काळा दिखस." त्या दिवशी मात्र त्यानं ऐकलं नव्हतं. नंतर पुढची दोन-चार वर्षं तो तिला बघितलं की आधी कानाला हात लावायचा.

ती त्याच्यासाठी डबा न्यायची. कळण्याची भाकर, ठेचा, थंडीत भरीत. तो उभ्यानं खायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "मीठ कमी शे." दुसरं काही नाही. पण दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये ही आपली रीत तो पाळायचा. घरात साखर घालतात, गूळ घालतात. त्याच्याकडे साखर कुठली? फ्यूज घालायचा, स्क्रू घालायचा, वायरीचा तुकडा. आमच्या स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्याशेजारी नानाच्या फ्यूजांची बरणी आहे. अजून आहे.

त्यांचं भांडण एकच. दसऱ्याला गाडीची पूजा सगळे करतात. हार घालतात, चाकाला, बॉनेटला कुंकू लावतात. आमची ही बॉनेट उघडायला लावायची. म्हणायची, बाहेरच्यालाच का? आतलं राबत नाही का? मग इंजिनाला कुंकू, रेडिएटरला कुंकू, आणि ब्याटरीच्या दोन्ही बोंडांना भरपूर हळद-कुंकू, वर फुलं. वर्षानुवर्षांचा तो थर ब्याटरीवर बसायचा. नाना ओरडायचा.

"अक्का, एक बोंड अधिक शे, एक उनं शे. दोन्ही लाल करी टाके. मानूसनी वयखावं कसं?"

"देवले काय करनं अधिक नि उनं?"

"देवले नही. ब्याटरीले करनं शे!"

ती पुढच्या दसऱ्याला परत लावायची.

माघात ती गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला लिहिता येतही नाही. सकाळी चहा ठेवला होता. चहा उतू जाऊन करपल्याचा वास आला तेव्हा मी उठून बघायला गेलो.

गाडी शेडमध्ये तशीच उभी राहिली. डाव्या सीटवर तिनं शिवलेल्या गोधडीचा तुकडा होता, तो तिथंच. मी शेडकडे जात नव्हतो. पण आखाजी जवळ आली. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी जातात. दरसाल मी तिला या गाडीतून माहेरी सोडायचो. माझ्या मनानं घेतलं की या आखाजीलाही गाडी तिच्या माहेरच्या दारात उभी राहिली पाहिजे. का, ते मला विचारू नका. मुलानं विचारलं. तो पुण्याला असतो. मी म्हटलं, मन म्हणतं.

गाडी चालू होईना. ब्याटरी उभ्या-उभ्या मेलेली. पुतण्यानं ट्रॅक्टरची ब्याटरी आणून वायरी जोडल्या, मी चावी मारली, दुसऱ्या दमात इंजिन लागलं. पण बाजारापर्यंत गेलो नि बंद. ब्याटरी पुन्हा रिकामी. जळगावात एकाकडे दिली. त्यानं डायनामो बदलला. तरी चार्ज होईना. मग ब्याटरी बदलली. तरी नाही. मग म्हणाला, आबा, वायरिंग सडलंय, या गाडीत आता जीव नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "आबा, आखाजी झाली की भंगारवाल्याला बोलावतो. तुम्हाला दुसरी घेऊन देतो." वाईट हेतूनं बोलला नाही तो. पण दुसऱ्या गाडीची डावी सीट मला काय करायची?

म्हणून आखाजीच्या आधी ब्याटरी रात्रभर चार्जिंगला लावून मी एकटा धुळ्याला निघालो. गाडी चार्ज करत नाही म्हणजे ब्याटरीत आहे तेवढ्यावर जायचं. हॉर्न नाही, पंखा नाही, कुठं थांबून इंजिन बंद करायचं नाही. एरंडोलपुढं बकऱ्यांचा कळप आडवा. मी काचेतून डोकं काढून बोंबलतोय, "ओ भाऊ, सरकवा ना!" धनगर म्हणतो, "हॉर्न वाजव की म्हाताऱ्या!" त्याला काय सांगायचं? पारोळा ओलांडताना लाल दिव्याकडे पाहत होतो आणि मनात एकच घोळवत होतो की नानाला सांगायचं कसं. त्याला कुणी कळवलं नव्हतं.

लिंबाखाली गाडी लावून मी उतरलो. नाना उठला, नेहमीसारखा डाव्या बाजूनं आला. काचेवर नख वाजवलं. वाकला. सीटवर गोधडीच दिसली. मग गाडीच्या टपावरून माझ्याकडे बघितलं.

"अक्का कोठे शे? उनी नही का?"

येताना वाटेत काय काय जुळवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "डायरेक्ट गेली, नाना."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, परत ठेवला. मग जाऊन स्टुलावर बसला. त्याच्या दुकानात एक रिक्षावाला बसलेला होता, त्याला हातानंच 'जा' म्हणाला. बराच वेळ आम्ही दोघं रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिलो. जायचं कुणाला चुकलंय, देवाची मर्जी, असलं तो काही बोलला नाही. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. तेव्हा सगळेच ते बोलत होते.

मग त्यानं मला विचारलं. जन्मात पहिल्यांदा मला. "गाडीले काय व्हयनं?"

"चार्ज होत नाही."

"आखो?"

"आणखी काय? काही नाही झालं. उभी होती, बंद पडली."

"गडी मानूस," तो म्हणाला. उठला, गाडीचा डावा दरवाजा उघडला. "तठे बस."

"कुठं?"

"अक्कानी जागावर."

"नाना, ही थट्टेची वेळ नाही."

"थट्टा कोन करस? तठे बस नि तठून सांग. ती सांगे तसं."

एवढ्या वर्षांत मी त्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. गोधडी उचलून मांडीवर घेतली आणि बसलो. ती ठेंगणी होती, सीट पुढं ओढलेली. माझे गुडघे पुढच्या खणाला टेकले. सीट मागं सरकवता आली असती. सरकवली नाही. तिथून रस्ता वेगळाच दिसतो. स्टेअरिंग नसतं हातात, म्हणून माणसाला दुसरं सगळं दिसतं.

नाना माझ्या जागी बसला. इंजिन चालू केलं. "दिवा देख. कसा शे?"

"पेटलेला आहे. तेच तर."

"देख रे बा, नीट."

मी पाहिलं. उजवीकडून पाहताना त्याच्यावर नेहमी ऊन यायचं, मला वाटायचं पुरा पेटलाय. डावीकडून सावलीत तो मंद दिसत होता. राखेतल्या निखाऱ्यासारखा.

"अर्धाच आहे, नाना."

"हां," नाना म्हणाला. "आता सुरवातपासून. कोन उनं, काय बोलनं, बठ्ठं."

ती कशी सांगायची ते मी आठवलं. ती मुद्द्याचं आधी कधीच सांगायची नाही. कुणाच्या पायात काय होतं इथून सुरुवात. मी तसं सांगायला लागलो. पुतण्या आला. स्लिपरा घातलेल्या. तोंडात पुडी. ट्रॅक्टरची ब्याटरी खाली ठेवताना म्हणाला, काका, काकूनं काय माखून ठेवलंय हे, काही समजत नाही. वायरी लावल्या. तड् असा आवाज झाला, ठिणगी उडाली, रबर जळाल्याचा वास आला. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, काही नाही. मग वायरी काढून परत लावल्या आणि...

"परत लायन्यात का उलटाईसन लायन्यात?"

मला ठाऊक नव्हतं. मी चावीवर होतो.

नानानं उतरून बॉनेट उघडलं. जळगाववाल्यानं नवी ब्याटरी बसवली होती, पण वायरींची टोपणं जुनीच. दोन्ही टोपणं लालभडक, कुंकवाचा तो थर तसाच चिकटलेला. गेल्या दसऱ्याचा. तिच्या हातचा.

"अक्का!" तो मोठ्यानं म्हणाला, ती समोर असल्यासारखा. "कितली येळ सांगेल शे तुले!" आणि हसला. हसता हसता टॉवेल तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

मग कामाला लागला. इंजिन चालू ठेवून ब्याटरीला मीटर लावला. आकडा बारावर, हळूहळू खाली चाललेला. तोच मीटर डायनामोच्या जाड स्क्रूला लावला. आकडा चौदाच्या वर.

"गाय दूध दी राहयनी," तो म्हणाला. "पन घरमा येस नही. मंग वाटमा काय व्हयनं?"

इंजिन बंद केलं. डायनामोकडून ब्याटरीकडे येणारी वायर बोटानं चाचपत आला. ब्याटरीजवळ त्या जाड वायरीच्या मध्ये एक बोटभर बारीक वायर जोडलेली होती. वरून धड, कुठं काळी नाही, फुगलेली नाही. जळगाववाल्याचाही दोष नाही, कुणालाही धडच दिसली असती. नानानं गळ्यातला बल्ब काढला. ब्याटरीकडच्या टोकाला लावला, पेटला. बोटभर पलीकडे लावला, अंधार.

"ओढ," मला म्हणाला.

मी ती वायर दोन बोटांत धरून ओढली. नुसतं रबर ताणलं गेलं, फुग्याचं तोंड ताणतं तसं. आतलं तांबं वितळून केव्हाच गेलेलं.

"ही लिंक," नाना म्हणाला. "हाई जयासाठेच ठेयेल रहास. उलटा करंट उना, ती जयनी, म्हनीसन बठ्ठी गाडी वाचनी." ही एक तार मुद्दाम कमजोर ठेवतात. काही वाईट आलं तर तिनं आपल्या अंगावर घ्यायचं. आणि वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

आमच्या घरात हे काम कोण करत होतं, ते मला तिथं बॉनेटशी उभं राहून कळलं.

मी म्हटलं, "नाना, आता असली तार मिळते का?" जाड वायर टाका, असं म्हणायची माझी छाती नव्हती. त्यानं एका डब्यातून तुकडा शोधून काढला, टोकं दाबून बसवली. इंजिन लावलं. मी आपण होऊनच डाव्या सीटवर जाऊन बसलो होतो. लाल दिवा विझला. मीटरचा आकडा ब्याटरीवरही चौदाला गेला. मी ओरडून सांगितलं, "गेला नाना, दिवा गेला!" तीही असंच ओरडायची.

मग त्यानं टोपणं साफ करायला तारेचा ब्रश घेतला. मी उतरून त्याचं मनगट धरलं.

"कुंकू राहू द्या."

"करंटले जागा लागस, पाव्हना."

"राहू द्या, नाना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, ब्रश खाली ठेवला. टोपणं सोडवून फक्त आतून घासली, जिथून करंट जातो तिथून. वरचं तसंच ठेवलं. मग उण्याच्या टोपणावरचं कुंकू तेवढं बोटानं खरवडून काढलं. अधिकावरचं ठेवलं.

"अधिक लालच रहास," तो म्हणाला. "अक्कानी अर्धं बरोबरच करेल व्हतं."

खरवडलेलं कुंकू त्याच्या बोटाला होतं. ते त्यानं टॉवेलला पुसलं नाही. गळ्यातल्या बल्बाला लावलं आणि बल्ब शर्टाच्या आत टाकला.

आखाजीला गाडी तिच्या माहेरच्या दारात उभी राहिली. तिचा भाऊ बाहेर आला, त्यानं डाव्या बाजूचा दरवाजा उघडला, नेहमीच्या सवयीनं. मग तसाच धरून उभा राहिला. मी म्हटलं, असू दे, उघडाच असू दे थोडा वेळ. मुलाला फोन केला, भंगारवाल्याला बोलावू नको. तो म्हणाला, "बरं, आबा."

त्यानंतर मी नानाकडे काम नसतानाही जायचो. एकदा भाकर थापून नेली. जाड झाली होती, एका बाजूनं करपली होती. उभ्यानं खाल्ली त्यानं. शेवटचा घास गिळून म्हणाला, "मीठ कमी शे." मी लिंबाकडे तोंड करून उभा राहिलो.

रस्ता रुंद झाला त्यात लिंब गेला, दुकान गेलं. नानाचा मुलगा त्याला सुरतेला घेऊन गेला. फोन त्यानं कधी बाळगलाच नाही. शेवटच्या खेपेला माझा डबा परत दिला तो घरी येऊन उघडला. आत त्या लिंकेचा एक तुकडा होता, कागदात गुंडाळलेला.

गेल्या दसऱ्याला मी बॉनेट उघडून पूजा केली. इंजिनाला कुंकू लावलं, रेडिएटरला लावलं. ब्याटरीला लावलं नाही. अधिकावरचं तिचं आहे ते अजून आहे.

आता गाडीत कुठं खडखड झाली, वास आला, काही वेगळं वाटलं, की मी गाडी कडेला घेतो. उतरतो, फिरून पलीकडे जातो आणि डाव्या सीटवर गुडघे दुमडून बसतो. गोधडी मांडीवर घेतो. परवा पाळधीजवळ असाच बसलो होतो तर आमच्या गावचा एकजण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "आबा, गाडी बंद पडली का?"

म्हटलं, "नाही रे. इचारून राह्यलो."